कोपऱ्यातली चौकट : चिंचणीच्या ताम्रपटापासून तारापूरच्या कॅड ड्रॉइंगपर्यंत

१/ कोणतेही अभियांत्रिकी ड्रॉइंग समोर ठेवा. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक चौकट दिसेल. वस्तूचे नाव, ड्रॉइंग क्रमांक, स्केल, तारीख, रेखन कोणी केले, तपासले कोणी, मंजुरी कोणाची, हे सारे तिच्यात असते. कारखान्यात तिला टायटल ब्लॉक म्हणतात. आपली नजर आधी मधल्या आकृतीकडे जाते. पण कागद चालू आहे की बाद, त्याची जबाबदारी कोणावर, याचा निकाल या कोपऱ्यात लागतो. आजचा धागा या चौकटीच्या इतिहासाचा. तो पाहण्यासाठी फार फिरावे लागणार नाही. पालघर जिल्ह्यातील चिंचणी, तारापूर आणि बोईसर एवढी किनारपट्टी पुरेशी आहे.

२/ आरंभ चिंचणीपासून करू. विसाव्या शतकाच्या मध्यास, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, येथे काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे संपादन केले. त्यांपैकी एक शक ८४८ मधला, म्हणजे इ. स. ९२६ मधला आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर होता आणि जवळच्या संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. हा ‘मधुमती’ म्हणजे मुहम्मद. अरब नावाचे हे संस्कृत रूप आपल्याला माहीत आहे, कारण पटावर अधिकाऱ्याचे नाव आणि वर्ष नोंदवण्याची शिस्त तेव्हाही होती.

३/ ताम्रपटाची रचना ध्यानात घ्या. राजा कोण, अधिकारी कोण, दान कोणाला, जमीन कोणती, तिच्या चतुःसीमा कोणत्या, काळ कोणता, हे सर्व त्याच दस्तऐवजात असे. पत्रे अनेक असतील तर ते एका कडीत ओवत आणि कडीवर राजमुद्रा बसवत. मुद्रा न तोडता मधला पत्रा काढता येत नसे, नवा घालताही येत नसे. आजच्या ड्रॉइंगवर ‘पान २, एकूण ५’ असे लिहिलेले असते. पाने कमी-अधिक झालेली नाहीत, याची हमी देण्याचे जे काम त्या ओळीचे आहे, तेच त्या कडीचे होते.

४/ आता सात शतके पुढे, तारापूरच्या किल्ल्याकडे. १६३५ मध्ये आंतोनियो बोकारो याने पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील किल्ल्यांचे वर्णन करणारा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यासाठी पेद्रू बार्रेतु द रेसेंद याने किल्ल्यांची चित्रे तयार केली. त्यांत वसई, डहाणू यांच्याबरोबर तारापूरही आहे. ही रेखने अर्धी चित्र आणि अर्धी नकाशा आहेत. तट, बुरूज, घरे, समुद्र हे सारे ओळखू येते; पण ती पाहून गवंडी भिंत उभारू शकणार नाही. ती दूरच्या राजाला आपली मालमत्ता दाखवण्यासाठी होती. ज्या कागदावरून काम करायचे असते, त्याच्या गरजा वेगळ्या असतात.

५/ अशा कामाच्या कागदांचा मोठा साठा मराठ्यांच्या दफ्तरात आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. मोहीम चालू असताना छावणी आणि पुणे यांच्या दरम्यान पत्रांची ये-जा सतत होती. मराठी पत्रव्यवहाराच्या शिस्तीतील तीन गोष्टी या धाग्यासाठी महत्त्वाच्या आहेत: संक्षेपचिन्हे, तारखा आणि मोर्तब.

६/ पहिली गोष्ट संक्षेपचिन्हांची. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला वेळ कमी आणि मजकूर फार. म्हणून ‘मुक्काम’साठी ‘मु’ आणि पुढे दोन उभ्या रेघा, चांद्र तारखेआधी नुसते ‘छ’, ‘राजश्री’साठी ‘रा’. दफ्तरात वावरणाऱ्याला ही चिन्हे शब्दांइतकीच स्पष्ट होती. आज मोडी शिकणारा विद्यार्थी अक्षरांपेक्षा या चिन्हांपाशी अधिक अडखळतो. चिन्ह जागा वाचवते, पण वाचणाऱ्याला त्याचा संकेत ठाऊक आहे असे गृहीत धरते. पुढे ड्रॉइंगवरील चिन्हांकडे येऊ तेव्हा हे आठवावे लागेल.

७/ दुसरी गोष्ट तारखांची. पत्र लिहिल्याची तारीख एक आणि ते पोहोचल्याची, म्हणजे पैवस्तीची, तारीख दुसरी. दोन्ही वेगळ्या नोंदवत. वर्ष अनेकदा सुहूर सनात, तेही अरबी संख्याशब्दांत असे. तारापूरच्या वेढ्याचे वर्ष ‘तिसा सलासैन मया व अलफ’, म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार: ११३९. मृगाच्या सुमारास हा सन बदलतो, म्हणून जानेवारीतील पत्राला ६०० मिळवायचे, की झाले १७३९. पण पुष्कळ पत्रांवर केवळ चांद्र तारीख असते, वर्ष नसते. अशा पत्राचे वर्ष ठरवण्यासाठी संशोधकांना जंत्री घेऊन बसावे लागते आणि मतभेद तरीही उरतात. कोपऱ्यातली एक नोंद राहिली की इतका खटाटोप पडतो.

८/ तिसरी गोष्ट मोर्तबाची. राजपत्राच्या आरंभी मुख्य मुद्रा आणि मजकूर जेथे संपतो तेथे छोटी मोर्तबाची मुद्रा. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील अक्षरे आहेत ‘मर्यादेयं विराजते’: येथे मर्यादा शोभते. हेतू व्यवहाराचा होता. मुद्रेखाली कोणी ओळ घुसडली तर ती पत्राचा भाग नव्हे, हे उघड व्हावे. पत्राच्या मागे ‘सुरू सूद’, ‘बार’ असे दफ्तरी शेरे पडत. कागद कोणाच्या हातून गेला याची ती साखळी होती. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो, तो याच शिस्तीतून आलेला.

९/ एकोणिसाव्या शतकात यंत्रयुगाबरोबर नवा प्रश्न आला: एकाच कागदाच्या अनेक प्रती. आधी प्रत हाताने काढावी लागे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल याने लोहक्षारांवर प्रकाशाचा परिणाम वापरून निळी छायाचित्रे काढण्याची रीत शोधली. पुढे काही दशकांनी कारखान्यांनी ती उचलली आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची ‘ब्लू प्रिंट’ सर्वत्र झाली. आपल्याकडे नंतर अमोनिया प्रिंट रुळली. तिचा डोळ्यांत पाणी आणणारा वास जुन्या ड्राफ्ट्समन मंडळींना आजही आठवतो.

१०/ प्रती सोप्या झाल्या, पण मूळ ट्रेसिंग बदलले म्हणून वाटलेल्या प्रती आपोआप बदलत नाहीत. एक प्रत फिटरकडे, एक वेल्डरकडे, एक कंत्राटदाराच्या पिशवीत. मूळ कागदावर छिद्राचा व्यास बदलला, तरी पिशवीतली प्रत जुनेच सांगत राहते. म्हणून टायटल ब्लॉकशेजारी रिव्हिजनचा तक्ता आला: बदल क्रमांक, कोणता बदल, कधी, कोणी केला. आकृतीत बदलाच्या जागी छोटा त्रिकोण आणि त्यात तोच क्रमांक. मोर्तबाने कागदाचा शेवट बांधला होता. रिव्हिजनच्या तक्त्याने त्याचे वय सांगण्यास आरंभ केला.

११/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. अभियांत्रिकी ड्रॉइंगसाठीचे तिचे मानक, आयएस ६९६, १९५५ मध्ये निघाले. पुढच्याच वर्षी वजने-मापांचा कायदा आला आणि देश फूट-इंच, मण-शेर सोडून दशमान पद्धतीकडे निघाला. हा बदल टप्प्याटप्प्याने चालला होता. कारखान्यांत दोन्ही मापांच्या पट्ट्या होत्या आणि कारागिरांच्या बोलण्यात ‘सूत’ होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बोईसरच्या वर्कशॉपमध्ये तो शब्द अजून ऐकू येतो.

१२/ याच संधिकाळात तारापूर पुन्हा इतिहासात आले. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात अणुसहकार्याचा करार झाला. १९६४ मध्ये इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी दोन अणुभट्ट्यांचे कंत्राट झाले. बांधणीचे अभियांत्रिकी काम बेक्टेलकडे होते. उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या या दोन भट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या. मच्छीमारी आणि शेतीच्या या किनाऱ्यावर अमेरिकेत आखलेल्या यंत्रणा उभ्या राहू लागल्या, आणि त्यांच्यामागून ड्रॉइंगेही आली.

१३/ अमेरिकी अभियांत्रिकीचा शिरस्ता इंच-फुटांचा आणि भारत नुकताच मिलिमीटरकडे वळलेला. ड्रॉइंगवर ‘२५’ असा नुसता आकडा दिसला तर तो इंच की मिलिमीटर? प्रत्येक मापापुढे एकक लिहीत नाहीत; सर्व मापे कोणत्या एककात आहेत, हे टायटल ब्लॉकमध्ये किंवा नोट्समध्ये एकदाच सांगतात. त्या एका ओळीवर शेकडो आकड्यांचा अर्थ अवलंबून असतो. सुहूर सन ठाऊक नसेल तर पत्राचे वर्ष चुकते; एकक ठाऊक नसेल तर पाइपच बसत नाही.

१४/ दुसरा भेद याहून फसवा होता. वस्तूच्या तीन बाजू कागदावर कशा मांडायच्या, याच्या दोन पद्धती आहेत. प्रथम कोन पद्धतीत डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे काढतात. तृतीय कोन पद्धतीत ते डावीकडेच काढतात. अमेरिकेत तृतीय कोन प्रचलित होता, युरोपात प्रथम. भारतात १९७२ च्या मानकाने निवड वापरणाऱ्यावर सोपवली, तर १९८८ च्या एसपी ४६ या मार्गदर्शिकेने प्रथम कोनाची शिफारस केली. पद्धत ओळखण्यात चूक झाली तर आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी वस्तू तयार होते. मापे सारी बरोबर असतात, म्हणून तपासणीतही ती चूक चटकन सापडत नाही.

१५/ या गोंधळावरचा उपाय म्हणजे एक छोटे चिन्ह: टोक कापलेला शंकू आणि शेजारी दोन समकेंद्री वर्तुळे. वर्तुळे शंकूच्या उजवीकडे असतील तर प्रथम कोन, डावीकडे असतील तर तृतीय कोन. त्यात एकही अक्षर नाही, म्हणून भाषेचा अडसर नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी १८५ बाय ६५ मिलिमीटरच्या टायटल ब्लॉकमध्ये हे चिन्ह गुणांसाठी काढतो. पण परदेशी यंत्राचा सुटा भाग भारतीय लेथवर करताना सर्वांत आधी पाहावे ते हेच.

१६/ सुट्या भागांचा प्रश्न तारापूरला खरोखरच आला. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्राचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला, आणि इंधनाबरोबर सुटे भागही दोन्ही देशांतील वादाचा विषय झाले. ज्याने यंत्र बनवले त्याच्याकडे जाण्याची वाट अरुंद झाली की हाती उरते ते ड्रॉइंग. अशा वेळी मूळ आराखड्यापेक्षा प्रत्यक्षात जसे बांधले गेले तसे दाखवणारे, शेवटच्या रिव्हिजनचे ड्रॉइंग मोलाचे असते. कोणते शेवटचे, हे ठरवण्याची जागा पुन्हा कोपऱ्यातली चौकट. याच परिसरात २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्या चालू झाल्या.

१७/ आता संगणकाकडे. तारापूरचा करार झाला त्याच वर्षी, १९६३ मध्ये, एमआयटी या अमेरिकी संस्थेत आयव्हन सदरलँड याने ‘स्केचपॅड’ ही प्रणाली प्रबंधरूपाने मांडली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ काढायची आणि ‘या दोन रेघा समांतर राहोत’ अशी अटही घालायची. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि साध्या संगणकावर ड्रॉइंग शक्य झाले. आपल्याकडे त्यानंतर हळूहळू ड्रॉइंग बोर्ड, मिनीड्राफ्टर आणि शाईची पेने बाजूला पडली. तरीही आरंभीचे कॅड म्हणजे बहुधा कागदच पडद्यावर: रेघ निराळी, तिच्याजवळ टंकलेला आकडा निराळा.

१८/ खरा पालट १९८८ च्या सुमारास झाला. सोव्हिएत संघातून अमेरिकेत आलेल्या सॅम्युअल गाइसबर्ग याने स्थापलेल्या कंपनीने ‘प्रो-इंजिनिअर’ बाजारात आणले. त्यातील प्रत्येक माप हे नाव असलेले मूल्य होते, म्हणजेच पॅरामीटर. मूल्य बदलले की घनाकृती बदलते, आकृती बदलली की ड्रॉइंगही बदलते. आणि हीच सोय टायटल ब्लॉकला आणि नोट्सनाही मिळाली. चौकटीत ड्रॉइंग क्रमांक टंकायचा नाही. तेथे ‘आणि’चे इंग्रजी चिन्ह आणि पुढे पॅरामीटरचे नाव लिहायचे. क्रमांक, स्केल, पानसंख्या संगणक आणून भरतो.

१९/ एक उदाहरण घेऊ. रासायनिक कारखान्यातील पाइपच्या फ्लँजवर बोल्टसाठी सहा छिद्रे आहेत. नोटमध्ये लिहिले: ‘सहा छिद्रे, व्यास १८.’ पुढे दाब वाढला म्हणून आठ छिद्रे ठरली. आकृती बदलली, नोट तशीच राहिली. फिटर कोणावर विश्वास ठेवील? आकृती मोजणारा आठ पाडील, नोट वाचणारा सहा. नोटमध्ये आकड्याऐवजी छिद्रसंख्येचा पॅरामीटर असता तर हा प्रश्न उद्भवला नसता. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि बाकी सर्वत्र तिचा हवाला द्यावा: पॅरामीटरचे सार एवढेच.

२०/ चौकटीत काय हवे, यावर जगाने एकमत करण्याचाही प्रयत्न केला. टायटल ब्लॉकसाठीचे आयएसओ ७२०० हे मानक २००४ मध्ये सुधारले गेले. त्यात आठ रकाने अनिवार्य आहेत: कायदेशीर मालक, ओळख क्रमांक, प्रसृत केल्याची तारीख, पान क्रमांक, शीर्षक, मंजुरी देणारा, रेखन करणारा आणि दस्तऐवजाचा प्रकार. स्केल, प्रक्षेपचिन्ह, टॉलरन्स यांची जागा या मानकाने चौकटीबाहेर ठेवली. चौकट वस्तूविषयी कमी बोलते आणि कागदाविषयी अधिक: कोणाचा, केव्हाचा, कोणाच्या शब्दावर. चिंचणीच्या पटावरील प्रश्न हेच होते.

२१/ पण नव्या सोयींनी नव्या चुकाही आणल्या. पहिली चिन्हांची. व्यासाचे चिन्ह म्हणजे वर्तुळावर तिरकी रेघ. संगणकात ते फाँटमधून येते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फाँट तेथे नसला, तर चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कटलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवे नाही. ड्रॉइंगमध्ये मात्र संकट मोठे आहे, कारण मापापूर्वीचा चौकोन हेही एक मान्य चिन्ह आहे: चौरस छेदाचे. ‘व्यास १२’ची गोल सळई कागदावर ‘चौरस १२’ होऊन बसते आणि वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

२२/ दुसरी चूक तारखेची. ऑटोकॅडमध्ये तारखेचे रकाने वेगवेगळे आहेत: फाइल निर्माण केल्याची, जतन केल्याची, प्रिंट काढल्याची. चौकटीत चुकून प्रिंटच्या तारखेचा रकाना बसवला, तर तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेले ड्रॉइंग प्रत्येक प्रिंटबरोबर ‘आजचे’ होते. जुनी प्रत नव्या तारखेने मिरवते. लेखनाची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांची गल्लत न करणारे मोडी कारकून येथे अधिक सावध होते, असे म्हणावे लागते.

२३/ तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट नावाची. ट्रेसिंगवर सही करणाऱ्याला निदान कागदासमोर उभे राहावे लागे. आता ‘तपासले’ या रकान्यातील नाव हाही पॅरामीटर आहे. जुनी फाइल नव्या नावाने जतन केली की नव्या ड्रॉइंगवर जुन्या तपासनिसाचे नाव आपोआप येते. त्याने ते पाहिलेलेही नसते. कायद्याच्या दृष्टीने टंकलेले नाव आणि डिजिटल स्वाक्षरी यांत अंतर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने जी मान्यता दिली ती स्वाक्षरीला. मुद्रा करणाऱ्या हातातून सुटली आणि आपोआप उमटू लागली, तर तिला मुद्रा का म्हणावे?

२४/ हे सारे बोईसरात रोज घडते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरला लागून आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद, आणि त्यांच्यासाठी टाक्या, पाइप, सांगाडे घडवणारी छोटी वर्कशॉपे. ड्रॉइंग कोठल्या तरी दूरच्या कचेरीतून येते, प्रिंट मळकट हातांत फिरते. वेल्डरला कॅड प्रणाली ठाऊक नसते. त्याच्यासमोर असतो कागद. त्या कागदाच्या कोपऱ्यात खोटी तारीख, बाद रिव्हिजन किंवा न पाहणाऱ्याचे नाव असेल, तर दाबाखाली चालणाऱ्या टाकीजवळ उभा राहणारा माणूस त्याची किंमत मोजतो.

२५/ म्हणून जाणते ड्राफ्ट्समन काही शिस्ती पाळतात. क्रमांक, स्केल, पानसंख्या, छिद्रसंख्या हे पॅरामीटरवर सोपवावे. हाताने टंकू नये. मंजुरीची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव मात्र माणसानेच, प्रत्येक वेळी, पाहून भरावे. नवी फाइल जुन्या फाइलवरून न करता कोऱ्या नमुन्यावरून करावी. बाहेर पाठवताना चिन्हे टिकतील अशा पीडीएफ रूपात पाठवावे आणि जुन्या प्रती परत मागवून त्यांवर ‘बाद’ असा शिक्का मारावा. यंत्राने माहिती वाहून न्यावी, ग्वाही माणसाने द्यावी, अशी ही वाटणी आहे.

२६/ शेवटी इतिहासप्रेमी मित्रांना एक विनंती. आपण ताम्रपट आणि मोडी कागद जपतो, ते योग्यच आहे. पण बंद पडलेल्या गिरण्या, जुनी वर्कशॉपे, निवृत्त ड्राफ्ट्समनांच्या पेट्या यांत पडलेली ट्रेसिंग आणि अमोनिया प्रिंट रद्दीत चालली आहेत. अमोनिया प्रिंट उजेडात फिकट होत जाते. काही वर्षांनी तिच्यावर वाचण्यासारखे फारसे उरणार नाही. तुमच्या घरात किंवा गावात असे एखादे ड्रॉइंग असेल, आणि मालकाची संमती असेल, तर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवा. आकृतीबरोबर उजवीकडचा खालचा कोपराही चौकटीत येऊ द्या. नाव, तारीख आणि रिव्हिजन तेथेच आहे.

धागा समाप्त. मोडी संक्षेपचिन्हे किंवा जुन्या ड्रॉइंगवरील एखादे न उलगडलेले चिन्ह तुमच्याकडे असेल तर खाली जरूर लिहा, मिळून वाचू.